कोणता ढोल अवघड?

संचलन पाहताना लहान ढोल सफाईने वाजविणाऱ्या मुलाचे सर्वजण कौतुक करितात. मोठा ढोल वाहणाऱ्याकडे कोणी फारसे पाहत नाही. हा निवाडा योग्य आहे काय?

अमेरिकेतील ड्रम-बिगुल पथकांचे उदाहरण घेऊ. त्यांतील पुष्कळ पथके धर्मग्रामांच्या आश्रयाने उदयास आली. न्यू जर्सीतील गारफील्ड येथे १९३४ साली निघालेले व २०२४ साली बंद पडलेले होली नेम कॅडेट्स हे त्यांपैकीच एक. अशा पथकांत स्नेअर ड्रमवाले बहुधा एकच बोल एकदम वाजवितात. एकाची काठी किंचित मागे पडली, तरी ती ऐकू येते. टेनरवाला चार ते सहा ढोल एकटाच अंगावर वागवितो आणि त्याचे हात एकमेकांवरून धावतात.

बास ड्रम मात्र बहुधा पाच असतात आणि प्रत्येकाकडे एकच ढोल. वरवर हे सोपे वाटते. परंतु एकच जलद तुकडा पाचांत वाटलेला असतो. मिनिटास १२० मात्रा व मात्रेस ४ आघात धरिले, तर सेकंदास ८ आघात होतात. त्यांत आपला आघात नेमक्या जागी पडावा लागतो. शेजाऱ्याचा ऐकून मग वाजवू म्हटले, तर उशीर झालाच!

म्हणून शाळेच्या पथकात आपल्या मुलास मोठा ढोल मिळाला, तर पालकांनी खट्टू होऊ नये, असे आम्हांस वाटते. गप्प राहण्याची वेळही त्यास मोजावी लागते, आणि तो चुकला तर सबंध पथकाचे पाऊल चुकते.