फटफटीचा आवाज आणि तान्ह्याचे कान

माझे बालपण भालकीत गेले. रस्त्यावर वाहने मोजकीच असत आणि येणारी फटफटी कोणती, हे आम्ही मुले आवाजावरून ओळखत असू. म्हैसूरला तयार होणारी येझदी दोन सायलेन्सरांतून टणटणत येई. बुलेट धीरगंभीर ठोके देत येई. कारण साधे होते. येझदीचे इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट. बुलेटमध्ये दोन फेऱ्यांना एक. आवाज हा यंत्राचा स्वभावच होता.

पुढे हा स्वभाव बदलत गेला. येझदीचा कारखाना १९९६ साली बंद पडला. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे निकष आले आणि नव्या गाड्यांच्या धुराबरोबर आवाजावरही संस्कार झाले. शर्यतीच्या मोटारीही यातून सुटल्या नाहीत. २०१३ साली ग्रेटर नोएडाला धावलेल्या फॉर्म्युला वन मोटारींची आठ सिलिंडरांची इंजिने मिनिटाला १८,००० फेऱ्यांपर्यंत जात. २०१४ पासून सहा सिलिंडरांची टर्बो इंजिने आली. टर्बो धुरातलीच ऊर्जा कामाला लावतो, म्हणून गर्जनेसाठी ती कमी उरते. २०११ च्या बीएमडब्ल्यू एम-५ मध्ये तर इंजिनाचा आवाज आत बसलेल्यांना स्पीकरवरून ऐकवण्याची सोय झाली!

जो आवाज यंत्राने सोडला, तो काही तरुण आता विकत घेतात. मूळ सायलेन्सर काढून फटाक्यांसारखा फुटणारा बसवतात. त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. कॉलेजात असताना मीही सायलेन्सरची जाळी काढून मिरवलो आहे.

गेल्या वर्षी एक तरुण पिता चार दिवसांचे बाळ तपासायला घेऊन आला. तेवढ्यात त्याच्या मित्राने बाहेर त्याचीच बुलेट सुरू केली. बाळाचे दोन्ही हात झटकन फाकले, मग छातीशी आले आणि ते रडू लागले. हाच आपला परिचित मोरो प्रतिक्षेप.

"डॉक्टरसाहेब, बाळ भ्यालं का?"

"भ्यालं. पण त्याला ऐकू आलं, हे चांगलं झालं. आता हे कान जपायचं काम तुमचं."

शांतता क्षेत्रात दिवसाची मर्यादा ५० डेसिबल आहे, हेही मी सांगितले. कानाच्या आतल्या केशपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत, हे समजावले. तो काही बोलला नाही.

दीड महिन्याने तो लसीकरणासाठी आला. बाळ आईच्या कुशीत गाढ झोपले होते. बुलेट दाराशी केव्हा येऊन उभी राहिली, हे मला कळलेच नाही.