जुना कॉम्प्युटर: विंडोज ११ टाकायचं, तसंच चालवायचं, की मशीनच बदलायचं?



करवंद नाक्यापासून मार्केट यार्डापर्यंत कुठल्याही दुकानात गेलो की सध्या एकच प्रश्न ऐकू येतो. "भाऊ, मना कॉम्प्युटर चांगला चाली ऱ्हायना, मंग कसाले बदलू?" प्रश्न अगदी रास्त आहे. टॅली उघडतं, बिल निघतं, प्रिंटर चालतो. पण स्क्रीनवर मायक्रोसॉफ्टची सूचना येते की विंडोज १० चा सपोर्ट संपला. मग कुणी सांगतं "लगेच विंडोज ११ टाका", कुणी सांगतं "काही होत नाही, चालू द्या", आणि कुणी थेट नव्या मशीनचं कोटेशन हातात देतं.

विंडोज ११ कसं टाकायचं ते व्हिडिओत दाखवलंय. टाकायचं की नाही, हे कसं ठरवायचं ते इथे बघू. माझं सांगणं एवढंच आहे: निर्णय मशीनच्या वयावर घेऊ नका, त्या मशीनवर काय काम होतं त्यावर घ्या. एकाच दुकानातल्या दोन कॉम्प्युटरसाठी दोन वेगळी उत्तरं असू शकतात.

सपोर्ट संपला म्हणजे नेमकं काय झालं?

विंडोज १० आलं २९ जुलै २०१५ ला आणि त्याचा सपोर्ट संपला १४ ऑक्टोबर २०२५ ला. त्या दिवशी कुणाचा कॉम्प्युटर बंद पडला नाही, पुढेही पडणार नाही. फक्त दर महिन्याला येणारं सुरक्षेचं अपडेट थांबलं. ऑफिस २०१६ आणि ऑफिस २०१९ चा सपोर्टही त्याच तारखेला संपला, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

साध्या भाषेत सांगतो. तुमच्या शटरला ज्या कंपनीचं कुलूप आहे, त्याची डुप्लिकेट चावी चोरांना सापडली असं समजा. आतापर्यंत कंपनी फुकटात कुलूप बदलून देत होती. आता देत नाही. कुलूप दिसायला तसंच आहे, लागतंही तसंच.

ही भीती उगाच घातलेली नाही. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा व्हायरस जगभर पसरला आणि फाईली कुलूपबंद करून पैसे मागू लागला. त्याने विंडोजमधल्या ज्या उणिवेचा फायदा घेतला, तिचं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. ज्यांनी ते टाकलं नव्हतं, ते सापडले. पुढच्याच महिन्यात, २७ जून २०१७ ला, नॉटपेट्या आला आणि आपल्या महाराष्ट्रातल्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. आणि एक गोष्ट लक्षात घ्या. नॉटपेट्या एकदा नेटवर्कमध्ये शिरला की पासवर्ड चोरून अपडेट केलेल्या मशीनपर्यंतही पोहोचत होता. म्हणजे अपडेट हवंच, पण नुसतं अपडेट पुरत नाही. बॅकअप आणि वेगळं नेटवर्क, दोन्ही लागतात.

आधी वहीत तीन प्रश्नांची उत्तरं लिहा

दुकानातल्या प्रत्येक कॉम्प्युटरसाठी वेगळं पान घ्या.

पहिला प्रश्न: या मशीनवर इंटरनेटवरून पैशाचं किंवा दुसऱ्याच्या कागदपत्रांचं काम होतं का? नेट बँकिंग, जीएसटी पोर्टल, डिजिटल सही, गिऱ्हाइकांचे आधार, सातबारा, दाखले. उत्तर "हो" असेल तर हे मशीन अपडेटशिवाय ठेवायचं नाही. यात तडजोड नाही.

दुसरा प्रश्न: या मशीनला जोडलेली सगळ्यात जुनी वस्तू कोणती? डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, बायोमेट्रिक मशीन, डिजिटल सहीचं टोकन, जुन्या सॉफ्टवेअरचं हार्डवेअर लॉक. विंडोज बदलल्यावर काम अडतं ते बहुतेक वेळा इथेच. मशीन झकास चालतं, पण प्रिंटरचा ड्रायव्हर मिळत नाही.

तिसरा प्रश्न: हे मशीन दोन दिवस बंद ठेवता येईल असे दिवस कोणते? याकडे आपण नंतर येऊ.

मशीन काय झेपवू शकतं?

विंडोज ११ साठी कमीत कमी ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. पण मशीन अडकतं ते यात नाही. अडकतं ते प्रोसेसरची पिढी, टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या तिघांत.

इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण ८ वी पिढी किंवा पुढची लागते. पिढी नंबरात दिसते. आय५-४५७० म्हणजे ४ थी, आय५-८४०० म्हणजे ८ वी, आय५-१०४०० म्हणजे १० वी. ८ व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर २०१७ च्या शेवटी आले, त्यामुळे त्याआधी घेतलेलं डेस्कटॉप मशीन बहुधा यादीत बसत नाही. पेंटियम, सेलेरॉन आणि एएमडी असेल तर मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक हे फुकट ॲप चालवा. ते सरळ हो किंवा नाही सांगतं.

"नाही" आलं तरी लगेच नाराज होऊ नका. पुष्कळ मशीनमध्ये टीपीएम असतं, पण बायोसमध्ये बंद असतं. इंटेलमध्ये ते पीटीटी नावाने आणि एएमडीमध्ये एफटीपीएम नावाने सापडतं. ते चालू केलं की काही वेळा "नाही"चं "हो" होतं. मशीन पात्र असेल, विंडोज १० ओरिजिनल आणि २२एच२ व्हर्जनचं असेल, तर विंडोज ११ फुकट मिळतं. त्यासाठी कुणी लायसन्सचे पैसे मागितले तर देऊ नका.

आणखी दोन गोष्टी. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं, म्हणून ३२ बिट विंडोज १० वरून सरळ अपग्रेड होत नाही, सगळं नव्याने टाकावं लागतं. आणि विंडोज ७ ची जुनी की घालून नवं विंडोज चालू करायची जी सोय होती, ती मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये बंद केली.

चार दुकानं, चार उत्तरं

आपल्या भागातली नेहमीची उदाहरणं घेऊ.

किराणा होलसेलवाला, टॅली प्राइम, ८ व्या किंवा ९ व्या पिढीचं मशीन. इथे विचार करण्यासारखं काही नाही. टीपीएम चालू करा, बॅकअप घ्या, अपग्रेड करा. हार्डडिस्क जुनी फिरणारी असेल तर आधी एसएसडी टाका, नाहीतर "विंडोज ११ मुळे मशीन हळू झालं" असं म्हणत बसाल.

सेवा केंद्र, ४ थ्या पिढीचं मशीन, बायोमेट्रिक, दिवसभर लोकांचे आधार आणि दाखले. हे मशीन बदलायलाच हवं. इथे धोका फक्त तुमचा नाही. खेड्यावरून आलेला माणूस त्याचे कागद तुमच्या भरवशावर देतो. पैसे एकदम जमत नसतील तर जुना मॉनिटर, कीबोर्ड, यूपीएस ठेवा आणि फक्त सीपीयू बदला. घेण्याआधी तुमचं बायोमेट्रिक मशीन त्या विंडोजवर चालतं का, ते दुकानातच जोडून बघा.

अडत दुकान, डॉसच्या काळातलं फॉक्सप्रोमध्ये बनवलेलं हिशेबाचं सॉफ्टवेअर, डॉट मॅट्रिक्सवर पट्टी. असले डॉस प्रोग्राम ३२ बिट विंडोजवर चालतात, ६४ बिटवर सरळ चालत नाहीत. म्हणजे अपग्रेड केलं तर ऐन सीझनमध्ये पट्टी निघायची बंद. इथे माझं उत्तर: मशीन आहे तसं ठेवा, पण त्याचं इंटरनेट काढून टाका. वायफाय बंद, केबल बाहेर. जीएसटी आणि बँकेचं काम दुसऱ्या अपडेट असलेल्या मशीनवर करा. डेटा रोज पेनड्राइव्हवर घ्या, आणि तो पेनड्राइव्ह इतर कामाला वापरू नका. सोबत नवं सॉफ्टवेअर शोधायला लागा, कारण जुना मदरबोर्ड एक दिवस जाणारच, आणि तो आपल्याला विचारून जाणार नाही.

डीटीपी आणि लग्नपत्रिकावाले. जुनं पेजमेकर, जुनं कोरल, श्रीलिपीचं हार्डवेअर लॉक, वर्षानुवर्षांच्या पत्रिकांच्या फाईली. हे नव्या विंडोजवर चालेलच असं धरून चालू नका. लॉकचा ड्रायव्हर मिळतो का ते आधी विचारा. जुनं मशीन ऑफलाइन ठेवून त्यावर जुन्या फाईली उघडा, आणि नवी कामं युनिकोडमध्ये नव्या मशीनवर सुरू करा. एकदम सगळं हलवायला गेलं तर लग्नसराईत हाल होतात.

पैसे भरून मुदत वाढवता येते का?

येते. वैयक्तिक वापराच्या कॉम्प्युटरला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळायची सोय मायक्रोसॉफ्टने दिली आहे. सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवला तर फुकट, नाहीतर रिवॉर्ड्सचे १००० पॉइंट किंवा एकदाच ३० डॉलर. घरच्या, मुलांच्या अभ्यासाच्या कॉम्प्युटरला हे उत्तम.

धंद्याच्या मशीनसाठी मात्र वेगळी योजना आहे. पहिल्या वर्षी एका मशीनला ६१ डॉलर, दरवर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं. हिशेब करा: ६१, मग १२२, मग २४४. तीन वर्षांचे ४२७ डॉलर होतात, आणि शेवटी हातात तेच जुनं मशीन. एक वर्षाची सवड विकत घ्यायला ठीक, त्यापुढे परवडत नाही.

माझा स्वतःचा नियम सांगतो. जुन्या मशीनवरचा एकूण खर्च नव्या मशीनच्या एक तृतीयांशाच्या वर जायला लागला की हात आखडता घ्यायचा. रॅमचे भाव सध्या चढलेत, म्हणून भाव विचारूनच गणित मांडा.

"जुगाड करून टाकून देतो" म्हणणाऱ्यांपासून सावध

पात्र नसलेल्या मशीनवरही तपासणी चुकवून विंडोज ११ टाकता येतं. चालतंही. पण अशा मशीनला पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या अपडेटसाठी एवढा खटाटोप केला, तेच भरवशाचं राहिलं नाही तर मिळवलं काय? कोअर टू ड्युओसारख्या फार जुन्या मशीनवर तर विंडोज ११ चं २४एच२ व्हर्जन सुरूच होत नाही.

सेकंडहँड मशीन घेताना हे जास्त बघा. मोठ्या ऑफिसातून निघालेली ४ थ्या पिढीची मशीनं स्वच्छ पुसून, आत विंडोज ११ टाकून विकली जातात. विंडोज ११ दिसतंय म्हणजे मशीन पात्र आहे असं नाही. पैसे देण्याआधी प्रोसेसरचा नंबर वाचा.

क्रॅक केलेल्या विंडोजबद्दल एकच वाक्य: ॲक्टिव्हेट करायला तुम्ही अनोळखी माणसाचा प्रोग्राम पूर्ण अधिकार देऊन चालवता, मग अपडेट असूनही दार आतून उघडंच राहतं.

लिनक्सही पर्याय आहे. लिनक्स मिंट किंवा सी-डॅकचं बॉस लिनक्स फुकट आहे, जुन्या मशीनवर हलकं चालतं. नुसतं ब्राउझर आणि पत्रलेखन असेल तर छान. पण टॅली त्यावर सरळ चालत नाही, आणि टोकन, बायोमेट्रिकचं आधी तपासावं लागतं.

कधी करायचं आणि कसं

आता तिसरा प्रश्न. महिन्याची ११ आणि २० तारीख जीएसटीची, त्याच्या आसपास हात लावू नका. मार्चअखेर नको. कापसाचा सीझन असेल तर अडत आणि कृषी केंद्रवाल्यांनी दसरा-दिवाळी टाळा. सेवा केंद्रवाल्यांनी जूनमधली दाखल्यांची गर्दी टाळा. शनिवारी संध्याकाळी सुरू करा, म्हणजे रविवार हाताशी राहतो. यूपीएसची बॅटरी चांगली असल्याशिवाय सुरू करू नका. अर्ध्यात लाइट गेली तर मशीन तसंच लटकतं.

बॅकअप दोन ठिकाणी घ्या, आणि घेतलेला बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. न उघडलेला बॅकअप म्हणजे न वटवलेला चेक. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तकं वार्षिक रिटर्नच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात, त्यामुळे "जुना डेटा गेला" हे उत्तर चालत नाही. पासवर्ड, टॅलीचा सीरियल नंबर, प्रिंटरचे ड्रायव्हर, बिटलॉकरची रिकव्हरी की, हे सगळं कागदावर लिहून ठेवा. बायोसमध्ये बदल केल्यावर मशीन ती की मागू शकतं.

अपग्रेडनंतर १० दिवसांच्या आत परत विंडोज १० वर जाता येतं. म्हणून पहिल्याच दिवशी सगळं चालवून बघा: एक बिल, एक प्रिंट, एक डिजिटल सही, एक बॅकअप. नवव्या दिवशी टोकन चालत नाही हे कळलं तर धावपळ होते.

या आठवड्यात एवढंच करा. वहीचं पान काढा, तीन उत्तरं लिहा, प्रोसेसरचा नंबर लिहा. मग दुकानदार कोटेशन घेऊन आला की प्रश्न तुम्ही विचाराल, तो नाही. नंबर वाचून पिढी कळत नसेल तर व्हिडिओखाली नंबर टाका, जमेल तसं उत्तर देतो.

भेटू पुढच्या भागात.