नसलेल्या माणसाचे क्रेडिट कार्ड

फेब्रुवारी २०१३मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने न्यू जर्सीत १८ जणांवर आरोप ठेवले. सात हजारांहून जास्त बनावट माणसे, त्यांच्या नावावर काढलेली पंचवीस हजारांवर क्रेडिट कार्डे, टपाल यावे म्हणून अठराशेच्या वर पत्ते आणि बँकांना किमान २० कोटी डॉलरचा चुना. यातली माणसे कोणाची नक्कल नव्हती. ती मुळात नव्हतीच. खरा-खोटा तपशील एकत्र करून नवा माणूस उभा करायच्या या प्रकाराला ‘सिंथेटिक आयडेंटिटी फ्रॉड’ म्हणतात.

असा माणूस जन्माला घालते ती यंत्रणाच. भामटा मनाने रचलेले नाव, जन्मतारीख आणि नऊ आकडी सोशल सिक्युरिटी नंबर लिहून कार्डासाठी अर्ज करतो. बँक क्रेडिट ब्युरोकडे चौकशी करते. ब्युरोकडे या नावाची फाइल नसते, म्हणून अर्ज फेटाळला जातो. पण चौकशी झाल्याची नोंद तेवढी उरते आणि त्या नोंदीभोवतीच फाइल तयार होते! पुढच्या बँकेला हा माणूस ‘रेकॉर्डवर’ सापडतो. मग एखादे छोट्या मर्यादेचे कार्ड मिळते आणि त्याची बिले वेळच्या वेळी भरली जातात. कोणाच्या तरी जुन्या, चांगल्या कार्डावर याचे नाव जोडतात, की परक्या दह्याचे विरजण लागावे तशी याचीही पत जमू लागते. वर्ष-दोन वर्षे असे सोज्वळपणे काढले की एके दिवशी सगळी कार्डे काठोकाठ वापरून माणूस नाहीसा. बँक ती रक्कम बहुधा बुडीत कर्जात टाकते, कारण तक्रार करायला कोणी येतच नाही.

सोशल सिक्युरिटी नंबरात ‘तपासणी अंक’ नाही. आपल्या आधारचा बारावा अंक आधीच्या अकरांवरून व्हेरहॉफ या डच गणितज्ञाच्या पद्धतीने काढतात, त्यामुळे एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले तर लगेच कळते. अर्थात असा अंक चूक पकडतो, लबाडी नाही. गणित येणाऱ्याला जुळणारा अंक काढता येतोच.

अमेरिकेत एक खूण मात्र होती. पूर्वी नंबराचे पहिले तीन आकडे राज्य सांगत आणि पुढच्या दोनांवरून तो साधारण कधी दिला गेला याचा अंदाज येई. पण हाच तपशील धोक्याचाही होता. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या अक्विस्टी आणि ग्रॉस यांनी २००९ साली दाखवून दिले, की १९८८नंतर जन्मलेल्या ४४ टक्के लोकांचे पहिले पाच आकडे निव्वळ जन्मतारीख आणि जन्मराज्यावरून एका फटक्यात ओळखता येतात. २५ जून २०११पासून नंबर यादृच्छिक झाले. एक भोक बुजले, पण चाळिशीच्या माणसाच्या अर्जावर नवाकोरा नंबर दिसला तर संशय घ्यायची बँकेची सोयही गेली.

त्यामुळे लहान मुलांचे नंबर भामट्यांना सोन्यासारखे. जन्मतः मिळतात आणि अठरा वर्षे तिकडे कोणी बघत नाही. २०११च्या एका अहवालात चाळीस हजारांवर मुलांपैकी १०.२ टक्क्यांचे नंबर दुसरेच कोणी वापरत होते. मुले एका ओळख-संरक्षण कंपनीच्या यादीतली होती, म्हणून हे प्रमाण साऱ्या देशाला लावू नये. तरी आकडा लहान नाही.

मग नसलेला माणूस ओळखायचा कसा? माझ्या मते त्याचा नीटनेटकेपणाच त्याला उघडा पाडतो. पंचेचाळिशीच्या खऱ्या माणसामागे जुने पत्ते, बंद पडलेले फोन, नातेवाईक, एखादा थकलेला हप्ता असा पसारा असतो. याची फाइल सुरू होते दोन वर्षांपूर्वी, तीही निष्कलंक. दुसरी खूण जाळ्याची: एकाच पत्त्यावर, एकाच फोनवर आडनावे न जुळणारे वीस अर्जदार. एकेक अर्ज बघून हे दिसत नाही, सगळे एकमेकांना जोडून पाहावे लागतात. २०१८च्या कायद्यानंतर बँकांना थेट सरकारकडे विचारायची सोयही झाली. ग्राहकाच्या संमतीने नाव, जन्मतारीख आणि नंबर पाठवायचे, उत्तर फक्त ‘जुळते’ किंवा ‘जुळत नाही’. २०२०मध्ये ती सुरू झाली. हा उपाय मला सर्वांत पटतो, कारण नंबर ज्याने दिला त्यालाच विचारणे सरळ आहे.

आपल्याकडे आधारला बोटांचे ठसे आणि डोळ्यांची बुबुळे जोडलेली असल्याने पूर्ण नवा माणूस रचणे अवघड. पण दुसऱ्याच्या पॅनवर कर्ज उचलण्याचे प्रकार होतातच. प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून वर्षाला एक अहवाल मोफत मिळतो. तो मागवा, अनोळखी कर्ज दिसले तर ब्युरो आणि बँक दोघांना लेखी कळवा, फसवणूक असेल तर १९३० वर फोन करा.

आणि मुलगा-सून, लेक-जावई अमेरिकेत असतील तर त्यांना एवढे सांगाच. नातवंडाच्या नावाने कार्डाची ऑफर किंवा वसुलीचे पत्र आले तर हसून फेकू नका. सोळा वर्षांखालील मुलांची फाइल गोठवणे सप्टेंबर २०१८पासून फुकट आहे, मात्र इक्विफॅक्स, एक्सपिरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही क्रेडिट ब्युरोंना वेगवेगळा अर्ज करावा लागतो.