छोट्या वायपी इंजिनाची धाप

बंगळुरू–म्हैसूर लोहमार्ग एकेकाळी मीटर गेजचा होता. अशाच भारतीय मीटर गेजवर पूर्वी प्रवासी गाड्या ओढणाऱ्या वायपी इंजिनाची 1:87 प्रमाणातली प्रतिकृती 12 मिलिमीटरच्या रुळांवर धावते. साध्या प्रतिकृतीत रुळांतली वीज थेट मोटरला मिळते. डिजिटल नियंत्रणात रुळांवर कायम वीज असते आणि तिच्यातूनच सांकेतिक आज्ञा जातात. इंजिनातला डिकोडर स्वतःच्या क्रमांकाची आज्ञा तेवढी पाळतो, म्हणून एकाच रुळावर दोन इंजिने वेगवेगळ्या वेगाने चालवता येतात.

वाफेच्या इंजिनाच्या प्रतिकृतीत मोटर बहुधा बॉयलरमध्ये असते, त्यामुळे डिकोडर आणि आवाजासाठीचा स्पीकर कोळशाच्या टेंडरमध्ये बसवणे सोयीचे. आधी मोटरची दोन्ही टोके रुळांपासून पूर्ण तोडावी लागतात. एखादा स्पर्श राहून गेला तर डिकोडर जळू शकतो. स्पीकरला बंद खोका हवाच, नाहीतर आवाज चिरका येतो.

खरी कसोटी ‘छुक’च्या तालाची. दोन सिलिंडरच्या इंजिनात चाकाच्या एका फेरीला चार धापा पडतात. वायपीचे मोठे चाक 1372 मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे प्रतिकृतीत साधारण पाच सेंटिमीटर अंतरात चार. हा हिशेब डिकोडरमध्ये नीट भरला नाही, तर महागडा आवाजही खोटा वाटतो. मळक्या रुळांवर वीज क्षणभर तुटते. डिकोडरला जोडलेला कपॅसिटर तेवढ्यापुरता आधार देतो.