फोटोत डाग आला म्हणजे कॅन्सरच का?

छातीच्या फोटोत डाग आला की आपल्याकडे त्याची दोनच नावं माहीत असतात, टीबी नाहीतर कॅन्सर. पण मैत्रिणींनो, फुप्फुसात साधी गाठही होते.

आमच्या नागावातल्या एका वहिनींचं गर्भपिशवीचं ऑपरेशन ठरलं. त्याआधी काढलेल्या एक्स-रेत गोल डाग दिसला. ना खोकला, ना ताप. सुपारी सोलता सोलता बायकांनी सल्ले दिले, 'सुई टोचू देऊ नका, गाठ चवताळते!' हा समज फार खोलवर रुजलाय. सुईने तुकडा काढल्याशिवाय बऱ्याचदा गाठीची जात कळतच नाही.

खरं तर आधी विचारतात ते जुना फोटो. दोन वर्षांत घट्ट गाठ वाढली नसेल, तर ती बहुधा साधी असते. पण आपण जुनी एक्स-रे फिल्म ग्रहण बघायला कापून वाटतो! मग सीटी स्कॅन. त्यात चरबी किंवा लाह्यांसारखे चुन्याचे ठिपके दिसले तर हॅमार्टोमा, म्हणजे साध्या गाठींतली नेहमीची.

वहिनींची मात्र दुर्मीळ निघाली, स्क्लेरोझिंग न्यूमोसायटोमा. ही जास्त करून मध्यम वयाच्या बायकांनाच होते. 1956 साली लिबो आणि हबेल या डॉक्टरांनी तिचं वर्णन केलं, तेव्हा ती रक्तवाहिन्यांची गाठ वाटली होती. पुढे कळलं की ती फुप्फुसाच्या पेशींचीच. 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत आजचं नाव आलं.

अडचण अशी की सुईने निघतो इवलासा तुकडा, आणि त्यात ही गाठ कॅन्सरसारखी दिसू शकते. वहिनींच्या पहिल्या रिपोर्टात 'कॅन्सरचा संशय' असंच आलं होतं. घरात दोन दिवस चूल पेटली नाही. दुसऱ्या तज्ज्ञांनी तोच तुकडा खास रंग देऊन, आयएचसी तपासणी करून पाहिला, तेव्हा उलगडा झाला. ऑपरेशनने गाठ काढली, केमो लागली नाही. क्वचित जवळच्या ग्रंथींत या पेशी सापडतात, म्हणून नंतरच्या तपासण्या मात्र चुकवायच्या नाहीत.

दुसरं मत घ्यायला जाताना नुसता रिपोर्टचा कागद नेऊन भागत नाही. काचेच्या स्लाइड्स आणि मेणातला ब्लॉक लॅबमधून मागून घ्यायचा, सीटीची सीडीही. परळचं टाटा रुग्णालय लांब वाटलं, तर त्यांचंच केंद्र आपल्या रायगडात खारघरलाही आहे.