'तंबाखू सोडा' एवढे सांगून भागत नाही

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत सळयांच्या कारखान्यात रात्रपाळी करणारा कामगार दाढदुखी घेऊन दंतवैद्याकडे येतो. तोंड उघडायला सांगितले, तर त्याची तीन बोटे आत जात नाहीत. गालाच्या आतली त्वचा पांढरट, ताठर झालेली असते. 'तंबाखू, सुपारी बंद करा,' डॉक्टर सांगतात. तो मान डोलावतो आणि दवाखान्याबाहेर येऊन पुडी फोडतो.

हा डाग ओळखायला विद्यार्थी बीडीएसच्या चार वर्षांत शिकतो. पुढे काय बोलायचे, ते मात्र ओझरतेच शिकवले जाते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१८ मध्ये दंत महाविद्यालयांतील तंबाखूमुक्ती केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पण केंद्राची पाटी लागली म्हणून विद्यार्थ्याला समुपदेशन येत नाही.

परदेशी पुस्तकांतला धडा बहुधा सिगारेटभोवती फिरतो. आपल्याकडचे चित्र निराळे आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरतात. धूम्रपान करणारे अवघे ३.८ टक्के. भोकरदन-परतूरकडच्या एखाद्या आजीबाईंना 'तंबाखू खाता का?' विचारले, तर त्या 'नाही बाबा' म्हणतील आणि ते खोटेही नसेल. मिशरी त्यांच्या लेखी दात घासायची वस्तू! 'दाताला काय लावता? दिवसातून किती वेळा?' असे विचारायला विद्यार्थ्याला शिकवावे लागते.

विचारणे, सल्ला देणे, तयारी जोखणे, मदत करणे, पुन्हा भेटणे या पाच पायऱ्या पाठ करणे सोपे. खरी अडचण मदतीच्या पायरीवर येते. पहिले काही दिवस चिडचिड होते, झोप लागत नाही, हे रुग्णाला आधीच सांगितले पाहिजे. निकोटिनचे च्युइंगम सतत चघळायचे नसते. झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचे. ज्याचे तोंडच उघडत नाही, त्याला पट्टी बरी. हे सारे वर्गात ऐकून येत नाही, एकमेकांवर आणि मग रुग्णांवर सराव करूनच येते.

दंतवैद्याच्या हाती एक गोष्ट मात्र फिजिशियनपेक्षा जास्त असते. रूट कॅनॉलसाठी रुग्ण बहुतेकदा एकाहून अधिक वेळा येतो. प्रत्येक खेपेला खुर्चीवर दोन मिनिटे तंबाखूची चौकशी करता येते. मधल्या दिवसांत १८००-११-२३५६ ही मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. हा क्रमांक रुग्णाच्या फोनमध्ये तिथेच, खुर्चीवर बसल्या बसल्या, साठवून द्यावा.