होडीचें इंजिन मध्येंच कां बंद पडतें ?

खाडीकांठच्या शेतकऱ्याची जमीन बहुधा एकाच तीरावर नसते. घर अलीकडे, नारळ-सुपारीची बाग पलीकडे व खाजणांतील भात तिसरीकडेच, अशी ज्यांची स्थिति आहे त्यांस होडी ही बैलगाडीइतकीच अवश्य होय. पूर्वीं ती वल्ह्यांनीं चाले. आतां पुष्कळ कुटुंबांनीं तिच्या पिछाडीस लहान सुटें इंजिन बसविलें आहे. अशीं इंजिनें विकण्यास अमेरिकेंत मिलवॉकी शहरीं ओले एव्हिनरूड यांनीं सन १९०९ मध्यें आरंभ केला. त्यानंतर सुधारणा पुष्कळ झाल्या, तरी ठेवण तीच आहे : वर इंजिन, मध्यें उभा दांडा व खालीं पाण्यांत फिरणारा पंखा.

या इंजिनाविषयीं मुख्य तक्रार एकच ऐकूं येते. तें चांगलें चालत असतां मध्येंच बंद पडतें. रस्त्यावर बंद पडलेली गाडी निदान जागच्या जागीं उभी राहते. होडीचें तसें नाहीं. ओहोटी असेल तर ती प्रवाहाबरोबर खाडीच्या मुखाकडे चालूं लागते, आणि मुखाशीं वाळूच्या दांड्यावर लाटा फुटत असतात. होडींत बायकामुलें असलीं म्हणजे हा प्रश्न केवळ खोळंब्याचा राहत नाहीं.

आम्हांस स्वतःस हा अनुभव दाभोळच्या खाडींत आला. सुपारीचीं पोतीं व घरचीं चार माणसें घेऊन आम्ही परतत होतों. ओहोटी लागली होती. इंजिन कांहीं मिनिटें नीट चाललें, मग आचके देऊं लागलें, वेग मंदावला व तें थांबलें. आम्हीं दोरी ओढण्यास आरंभ केला. ती किती वेळां ओढली याची गणती नाहीं. हातांस फोड आले, आणि तेवढ्यांत होडी बरीच खालीं वाहत गेली. शेवटीं बरोबरच्या एका वृद्ध तांडेलानें नांगर टाकविला व टांकीच्या झांकणाकडे बोट दाखविलें. झांकणावरील हवेचा पेच बंदच राहिला होता. तो सैल करून इंधनाचा फुगा दाबतांच दुसऱ्या हिसक्यास इंजिन सुरू झालें. दोष एका पेचाचा खरा. परंतु त्याहून मोठा दोष आमचा, कीं इंजिन कसें बंद पडलें याचा विचार न करितां आम्ही दोरीच ओढीत राहिलों. इंजिन ज्या रीतीनें बंद पडतें ती रीतच बहुधा त्याचें कारण सांगते, हें आम्हांस या लेखांत सांगावयाचें आहे.

इंजिन बंद पडतांच प्रथम नांगर टाकावा, अथवा वल्हीं मारून होडी कांठाकडे घ्यावी. माणसांस खालीं बसवावें. तरंगजाकिटें अंगावर नसल्यास तीं घालावींत. होडी स्थिर झाली म्हणजे वेळ आपल्या हातीं येतो. मग स्वतःस विचारावें, कीं इंजिन हळूहळू मंदावलें, कीं दिवा विझावा तसें एकदम थांबलें, कीं तापून थांबलें, कीं गियर टाकतांच थांबलें ? या चार रीतींचा विचार आम्ही क्रमानें करितों.

हळूहळू मंदावणें. हें इंधन अपुरें पोंचत असल्याचें लक्षण होय. टांकींतून पेट्रोल बाहेर जातें तितकी हवा आंत यावी लागते. हवेचा पेच बंद असला म्हणजे आंत ओढ निर्माण होऊन पेट्रोलचा प्रवाह तुटतो. म्हणून टांकीपासून आरंभ करून इंजिनापर्यंत तपासत जावें : टांकींत पेट्रोल आहे काय, पेच सैल आहे काय, नळी कोठें पायाखालीं वा पोत्याखालीं चेपली आहे काय, तिचीं दोन्ही टोंकें घट्ट बसलीं आहेत काय.

मग नळीवरील रबरी फुगा पाहावा. त्यावरील बाण इंजिनाकडे असला पाहिजे. बाणाचें टोंक वर धरून फुगा दाबावा. कांहीं वेळां दाबल्यावर तो कठीण झाला पाहिजे. चपटा होऊन तसाच राहिला तर टांकीकडील वाट तुंबली आहे असें समजावें. कितीही दाबला तरी मऊच राहिला तर बहुधा एखाद्या सांध्यांतून हवा शिरत आहे, अथवा फुग्यांतील झडप निकामी झाली आहे. विहिरीवरील डिझेल इंजिनाच्या नळींत हवा शिरल्यानें काय होतें हें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस याचें नवल वाटणार नाहीं. फुगा दाबीत असेपर्यंत इंजिन चालतें व सोडतांच मरतें असें असेल तर इंधनाचा पंप तपासून घ्यावा; मात्र त्या प्रसंगीं फुगा दाबीतच घर गांठतां येतें. भरधांव चालणारें इंजिन मंद करतांच बंद पडत असेल तर कार्बुरेटरमधील बारीक छिद्र जुन्या पेट्रोलच्या चिकट साक्यानें भरलें असण्याचा संभव असतो. हें काम घरीं आल्यावर करावें.

पेट्रोलमधील पाणी हेंही मोठें कारण आहे. सन २०२३ पासून आपल्या देशांत शेंकडा वीस भाग इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल विकलें जाऊं लागलें. इथेनॉल आपल्याच उंसापासून व धान्यापासून होतें, ही शेतकऱ्यास समाधानाची गोष्ट आहे. परंतु त्याचा एक गुण होडीवाल्यानें ध्यानांत ठेवावा. इथेनॉल पाणी शोषून घेतें. खाडीवरील दमट हवेंत अर्धी भरलेली टांकी महिनोगणती पडून राहिली, अथवा तींत पावसाचें पाणी गेलें, तर पाणी व इथेनॉल मिळून तळाशीं वेगळा थर होतो, आणि इंजिन नेमकें तळांतूनच ओढतें. पेट्रोल कांचेच्या स्वच्छ बाटलींत घेऊन थोडा वेळ ठेवल्यास हा थर डोळ्यांस दिसतो. असें पेट्रोल वापरूं नये.

एकदम थांबणें. येथें ठिणगीकडे पाहावें. चालकाच्या मनगटास बांधावयाची सुरक्षेची दोरी निसटली तर इंजिन तत्क्षणीं बंद होतें. तें तसें व्हावें म्हणूनच ती दिलेली आहे. तिची कळ नीट बसली आहे ना, हें आधीं पाहावें. नंतर प्लगवरील टोपी सैल झाली आहे काय तें पाहून प्लग काढावा. पुष्कळदां दोरी ओढूनही तो कोरडा निघाला तर पेट्रोल पोंचत नाहीं. ओला व काळा निघाला तर पेट्रोल पोंचतें पण पेटत नाहीं, अथवा चोक उघडा करावयाचा राहून पेट्रोल फाजील झालें आहे. ओला प्लग पुसून, अथवा त्याऐवजीं नवा बसवून, चोक न लावतां प्रयत्न करावा. ठिणगी डोळ्यांनीं पाहण्याची परीक्षा मात्र होडींत कधींही करूं नये. पेट्रोलची वाफ जड असल्यामुळें ती होडीच्या तळाशीं सांचते, आणि एका ठिणगीनें पेट घेते. विडीकाडीसही हाच नियम लागू आहे.

तापून थांबणें. इंजिनाच्या मागून पाण्याची बारीक धार पडत असते. खालून ओढलेलें पाणी इंजिनांत फिरून तें थंड ठेवीत आहे, याची ती खूण होय. धार थांबली कीं इंजिन स्वतः तत्काळ बंद करावें. गियर सोडून, इंजिन वर उचलून खालचीं छिद्रें पाहावींत. तेथें शेवाळ, गाळ वा प्लॅस्टिकची पिशवी अडकलेली सांपडते. कधीं धारेचें छिद्रच मिठानें बंद होतें. तें बारीक तारेनें मोकळें होतें. एवढें करूनही धार न आल्यास आंतील रबरी चक्र झिजलें असें समजून वल्हीं हातीं घ्यावींत. तें चक्र पाण्यावांचून थोडा वेळ फिरलें तरी खराब होतें. म्हणून इंजिन कोरड्यांत कधींही सुरू करूं नये. दोरी मुळींच ओढली जात नसेल तर जोर करूं नये. दट्ट्या जखडला असण्याचा संभव असतो. दोन फेऱ्यांच्या इंजिनांत तेल पेट्रोलमध्येंच मिसळावें लागतें, आणि तें विसरल्यास हाच परिणाम होतो. आजच्या पुष्कळ लहान इंजिनांस पन्नास भाग पेट्रोलास एक भाग तेल, म्हणजे लिटरास २० मिलिलिटर, असें प्रमाण असतें. तथापि आपल्या इंजिनाच्या पुस्तिकेंत असेल तेंच प्रमाण मानावें. चार फेऱ्यांच्या इंजिनांत तेल निराळें भरतात. तें पेट्रोलांत मिसळूं नये.

गियर टाकतांच थांबणें. पंख्यास जाळें, दोरखंड वा काथ्या गुंडाळला असेल तर इंजिन मोकळें चालतें व भार येतांच मरतें. पंख्यास हात लावण्यापूर्वीं इंजिन बंद करून सुरक्षेची कळ काढून घ्यावी. पंखा मोकळा असूनही असें होत असेल तर इंजिनाची मंद गति फार कमी ठेवली गेली आहे. ती जाणत्याकडून दुरुस्त करून घ्यावी.

वरील बहुतेक दोष घरींच टाळतां येतात. खाऱ्या पाण्यांतून आल्यावर गोड्या पाण्याच्या पिंपांत खालचा भाग बुडवून इंजिन गियरविना कांहीं मिनिटें चालवावें, म्हणजे आंतील मीठ धुऊन जातें. पावसाळ्यांत होडी वर ओढून ठेवतांना टांकी व कार्बुरेटर रिकामीं करावींत. होडींतील डब्यांत नवा प्लग, प्लगाची चावी, पेचकस, बारीक तार, सुरी व बॅटरी हें सामान नेहमीं असावें. आणि इंजिन कितीही नवें असलें तरी वल्हीं, नांगर व पुरेसा दोर यांवांचून धक्का सोडूं नये.

आमच्या होडींत आतां एक नियम झाला आहे. निघतांना घरांतील लहान मुलगा मोठ्यानें विचारतो, "हवेचा पेच उघडला कां ?" त्याचें उत्तर मिळाल्यावांचून दोरी ओढली जात नाहीं. हा नियम आमच्या वाचकांनींही पाळून पाहावा, अशी आमची सूचना आहे.